उठताना: एका मातीच्या आकृतीच्या नोंदी

३ जून

दोन महिने डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, आज एकदाची कागदावर उतरवली. आई खुर्चीतून उठते तो क्षण. पूर्ण उठलेली नाही, बसलेली पण नाही, मधलीच. डावा गुडघा दुखतो म्हणून ती आधी जरा पुढे सरकते, मग हात मांडीवर टेकवते, मान खाली जाते, एक श्वास आत ओढते आणि मग कंबर सीटवरून सुटते. ह्या सगळ्याला जेमतेम तीन-चार सेकंद लागतात पण तेवढ्यात तिचं अख्खं शरीर कामाला लागलेलं असतं, नुसतं उभं असताना किंवा चालताना एवढं काम दिसतच नाही. मला ते काम मातीत दाखवायचंय, आईचं पोर्ट्रेट नाही करायचं.

साइज ५५ सेंमी ठरवली, खुर्चीसकट. ह्यावर बराच वेळ गेला कारण साइज ही नुसती सोयीची गोष्ट नसते. शिल्पकार रॉन म्यूकने १९९६-९७ मध्ये 'डेड डॅड' केलं ते त्याच्या वडिलांचं शव, लांबी साधारण एक मीटर, त्वचा, नखं, केस सगळं हुबेहूब, केस तर त्याचे स्वतःचेच वापरलेत. फक्त माप लहान. आणि तेवढ्यानेच बघणाऱ्याची जागा बदलते, वाकून बघावं लागतं, एवढासा बाप जमिनीवर पडलेला आणि आपण वरून बघतोय. माझी आकृती त्याहून लहान आहे, टेबलावर ठेवली तर लोक आईकडे वरून बघणार, ते मला नको आहे. म्हणजे पेडेस्टल उंच लागेल. किती ते नंतर बघू.

५ जून

आर्मेचर, म्हणजे माती धरून ठेवणारा आतला सांगाडा, केलं. प्लायवुडच्या फळीला मागून पाइप, तिथून आडवा आधार कमरेत. पायांना आणि हातांना ॲल्युमिनियमची तार दुहेरी पिळून. छातीच्या पोकळीत लाकडाच्या छोट्या काड्या क्रॉस बांधून लटकवल्या म्हणजे माती खाली घसरणार नाही. खुर्चीच्या जागी सध्या लाकडाचा ठोकळा.

८ जून

आज आईला समोर बसवून उठ-बस करायला लावली. आठव्यांदा उठताना म्हणाली, अगं आता गुडघा बोलायला लागला, बस कर. मला इतकं वाईट वाटलं, मी स्केचच्या नादात मोजलंच नव्हतं. मग फोनवर एक स्लो मोशन व्हिडिओ काढला आणि तिला मोकळं केलं.

रात्री व्हिडिओ फ्रेम फ्रेम करून बघितला आणि लक्षात आलं की एकाही फ्रेममध्ये ती उठत नाहीये. कुठल्या फ्रेममध्ये वाकलीये, कुठल्यात अडकल्यासारखी वाटते, एका ठिकाणी तर पडतेय असं वाटतं. उठणं कुठेच नाही! फ्रेंच शिल्पकार रोदँने ह्यावर बोलून ठेवलंय, लेखक पॉल ग्सेलशी झालेल्या गप्पांत, की फोटोतला चालणारा माणूस हवेत गोठल्यासारखा दिसतो कारण खऱ्या आयुष्यात वेळ असा थांबत नाही. त्याने उदाहरण स्वतःच्याच सेंट जॉनच्या पुतळ्याचं दिलं. त्याचे दोन्ही पाय पूर्ण जमिनीला टेकलेत, तशाच पोजचा फोटो काढला तर मागचा पाय उचललेला दिसेल, आणि तरी शिल्पातला माणूस चालतो. त्या सेंट जॉनच्याच अभ्यासातून पुढे 'वॉकिंग मॅन' आला, डोकं नाही, हात नाहीत, आणि दोन्ही तळवे जमिनीवर. मागच्या पायात मागचा क्षण आहे, पुढच्यात पुढचा, आपली नजर एकावरून दुसऱ्यावर जाते तेवढ्यात तो एक पाऊल टाकतो.

मग मी पण तेच करणार. पावलं पहिल्या सेकंदातली, अजून निवांत टेकलेली. कंबर दुसऱ्या सेकंदातली, नुकती सुटलेली. मान तिसऱ्यातली, वर यायला लागलेली. एका वेळी असं शरीर कधीच नसतं पण उठणारं शरीर असंच दिसतं.

१४ जून

माती चढवून झाली. मोठे मोठे गोळेच, डिटेल काही नाही. टर्नटेबलवर फिरवून फक्त बाहेरची रेघ बघतेय.

एका मैत्रिणीने सुचवलं की गुडघ्यावर प्लास्टर बँडेज लावून सरळ साचाच काढ की, इतकं कशाला मळत बसायचं. प्रश्न बरोबर आहे. १८७७ मध्ये रोदँच्या 'एज ऑफ ब्रॉन्झ'वर हाच आरोप झाला होता की हा पुतळा घडवलेला नाही, जिवंत माणसावरून साचा काढलाय. मॉडेल ओग्युस्त नेत नावाचा एक बेल्जियन सैनिक होता, रोदँला त्याचे फोटो वगैरे दाखवून आपली बाजू मांडावी लागली. तेव्हा तो कलंक होता. आणि १९६१ पासून जॉर्ज सीगल उघडपणे माणसांना प्लास्टरच्या बँडेजमध्ये गुंडाळायला लागला, आतला नाही तर बाहेरचा खडबडीत कवचाचा भाग तसाच पांढरा ठेवला, मग ती माणसं खऱ्या टेबलाशी नाहीतर खऱ्या बसच्या सीटवर बसवली. अँटनी गॉर्मली तर स्वतःच्याच अंगाचा साचा काढतो. लिव्हरपूलजवळ क्रॉसबीच्या किनाऱ्यावर त्याचे १०० लोखंडी पुतळे समुद्राकडे तोंड करून उभे आहेत, भरती आली की बुडतात, ओहोटीला परत दिसतात. तेव्हा साचा काढणं म्हणजे चोरी असं मी अजिबात मानत नाही. पण साच्यासाठी माणसाला स्थिर राहावं लागतं, प्लास्टर धरेपर्यंत तरी, आणि गॉर्मलीच्या कामात ती स्थिरताच तर विषय आहे. मला हवाय तो क्षण कोणी दहा मिनिटं धरून ठेवू शकत नाही, आई तर नाहीच नाही. म्हणून मळणार.

२१ जून

चेहरा केला आणि सगळं बिघडलं.

म्हणजे चेहरा चांगला झाला होता, नाक, हनुवटी, ओठ आवळलेले, बघताक्षणी आई. आणि तिथेच घोटाळा झाला. घरात ज्याने बघितलं त्याने चेहऱ्याकडे बघितलं, किती दुखतंय बघ तिला म्हणाले, आणि गुडघ्याकडे कुणाची नजरच गेली नाही. दुःख चेहऱ्यावर लिहून ठेवलं की बाकीचं शरीर नुसतं स्टँड होतं.

शिल्पकार ब्रांकुशीबद्दल विचार करत होते. १९०७ मध्ये थोडे दिवस तो रोदँच्या स्टुडिओत होता, लगेच सोडून गेला, मोठ्या झाडाखाली काही उगवत नाही असं त्याचं म्हणणं. १९१० च्या 'स्लीपिंग म्यूझ'मध्ये फक्त डोकं आहे, अंड्यासारखं, मान सुद्धा नाही, कुशीवर ठेवलेलं. भुवयांची कड नाकात उतरते, डोळे जवळजवळ पुसलेले, आणि तरी झोप केवढी गाढ आहे त्यात. त्याने चेहरा काढून टाकला म्हणून झोप सगळ्या डोक्यात पसरली. जॅकोमेटीचं उलट, तो डोकं सोडायला तयारच नव्हता, भाऊ दिएगोला वर्षानुवर्षं समोर बसवून तेच डोकं करत राहिला. आणि लांबून दिसलेलं माणूस जसंच्या तसं करायला गेला तर आकृत्या लहान लहान होत गेल्या, दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसला परतताना काड्यापेटीत मावतील एवढ्या झाल्या होत्या म्हणतात. नंतरच्या आकृत्या उंच झाल्या, १९६० चा 'वॉकिंग मॅन' १८३ सेंमी आहे, अंगात काही उरलेलं नाही, नुसती काठी, पण पावलं बघा, केवढाली जड, जमिनीतून उपटून काढावी लागतायत अशी. सगळं वजन त्याने खाली नेऊन ठेवलं.

संध्याकाळी अंगठ्याने चेहरा पुसला. चार दिवसांचं काम होतं, हात थरथरला. आता कपाळ आणि नाकाची एक कड राहिलीये, खाली झुकलेली. पाच मिनिटांनी मागे जाऊन बघितलं तर नजर पहिल्यांदाच डोक्यावरून पाठीवर, पाठीवरून खांद्यात आणि तिथून हातातून गुडघ्यावर उतरली.

२६ जून

चेहरा काढला तर हात पण काढावेत का, हा विचार दोन दिवस चालला होता. बिनहाताचं धड आपल्याला शिल्पात इतकं सवयीचं झालंय की ते काहीतरी शुद्ध वाटतं. पण मग मला मार्क क्विनचं 'ॲलिसन लॅपर प्रेग्नंट' आठवलं. ॲलिसन लॅपर स्वतः चित्रकार, जन्मापासून तिला हात नाहीत. गरोदर असतानाचं तिचं पांढऱ्या संगमरवरातलं शिल्प २००५ ते २००७ लंडनच्या ट्रफाल्गर स्क्वेअरमध्ये चौथ्या चौथऱ्यावर होतं, साडेतीन मीटरच्या वर उंच. मिलोच्या व्हीनसला, त्या प्राचीन ग्रीक पुतळ्याला, हात नाहीत ह्याचं कुणाला काही वाटत नाही, उलट कौतुक, आणि इथे एका जिवंत बाईचं शरीर जसं आहे तसं उभं केलं तर लोक बिचकले. ते शिल्प बघितल्यापासून हात तोडणं ही मला सहज करायची गोष्ट वाटत नाही. तोडायचे तर कारण पाहिजे. आणि माझ्या आकृतीत सगळा भार हातातूनच जातो, म्हणजे उत्तर मिळालं, हात राहणार.

दुपारी आई आली बघायला. बराच वेळ काही बोलली नाही, टर्नटेबल स्वतःच हळू फिरवला. मला वाटलं चेहरा नाही म्हणून खट्टू होईल. तर म्हणाली, हात चुकलाय तुझा. मी बोटं पसरून पंजा गुडघ्यावर ठेवला होता, व्हिडिओत तसंच दिसत होतं. ती म्हणाली, बोटांवर जोर नाही देत मी, आणि शेजारच्या स्टुलावर बसून तिने उठून दाखवलं. तळहाताची मनगटाजवळची गादी, ती मांडीवर गुडघ्याच्या जरा वरती रुतवते. बोटं मोकळीच असतात, थोडी वर उचललेली. आणि कोपर बाहेर फाकत नाही, आत वळतं. मी तीन आठवडे तिच्याकडे बघतेय आणि हे मला दिसलं नव्हतं, कारण हे बाहेरून दिसण्यातलं नाहीच, भार कुठून जातोय हे जिचा हात आहे तिलाच माहीत.

हात परत केला. बोटं उचलल्याबरोबर मनगट जड झालं. माती तीच, तेवढीच.

२ जुलै

सकाळी ओला कपडा काढला तर आकृती पुढे कोसळलेली. कमरेतला आडवा आधार ढिला झाला होता, मी फिरवताना बहुतेक, डोकं जवळजवळ गुडघ्यांना लागलं होतं. पाठीत मोठी चीर.

लगेच हात लावला नाही. त्या कोसळलेल्या अवस्थेत ती जर्मन शिल्पकार लेमब्रुकच्या 'फॉलन मॅन'सारखी दिसत होती. १९१५-१६ चं काम, पहिल्या महायुद्धात लेमब्रुकने लष्करी इस्पितळात जखमींची शुश्रूषा केली त्या काळातलं. एक लांबलचक तरुण गुडघ्यांवर, हातांवर आणि डोक्यावर आलेला, कपाळ जमिनीला टेकलेलं, पाठ कमानीसारखी. ना सैन्याचा युनिफॉर्म, ना जखम, ना शत्रू. युद्धाचं जे करायचं ते फक्त शरीराच्या आकारात केलंय. १९१९ मध्ये त्याने आत्महत्या केली. ते शिल्प आठवलं की मला नेहमी वाटतं की ही कमान अजून पडलेली नाही, शेवटचा जोर बाकी आहे.

आधार दुरुस्त करायला ठोकळा काढावा लागला.

३ जुलै

ठोकळा परत ठेवलाच नाही.

खुर्ची नसताना बघितलं आणि एकदम कळलं की खुर्ची खोटा दिलासा देत होती. खुर्ची आहे म्हणजे ती परत बसू शकते. खुर्ची गेली की तिला उठावंच लागेल. पण मग तोल खरा लागतो, नुसता दिसून चालणार नाही. माणूस उठताना आधी डोकं आणि छाती पुढे नेतो ती उगाच नाही, शरीराचा गुरुत्वमध्य पावलांच्या वर आल्याशिवाय कंबर सुटतच नाही, कुणीही पाठ ताठ ठेवून आणि पाय पुढे ठेवून उठून बघावं, जमत नाही. मी डोक्यावरून आणि कमरेवरून ओळंबा सोडून बघितला. माझी आकृती मागे पडत होती. म्हणजे इतके दिवस ती ठोकळ्यावर बसलेलीच होती, मला उठतेय असं वाटत होतं एवढंच. धड साधारण ४ सेंमी पुढे घेतलं, पावलं किंचित मागे.

११ जुलै

हात, मांडी आणि पोट ह्यांच्यामधली जागा. तिथे अजून माती भरलेली होती, मजबुतीसाठी ठेवली होती. आज वायर टूलने आरपार कापली.

भोक पाडणं किती मोठी गोष्ट आहे ते पाडताना कळतं. बार्बरा हेपवर्थने १९३१-३२ च्या सुमारास अलाबास्टर ह्या मऊ दगडाच्या एका शिल्पात आरपार भोक पाडलं (ते शिल्प पुढे दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालं), पाठोपाठ हेन्री मूरने, आणि मूरच्या आडव्या झोपलेल्या बायकांमध्ये तर नंतर भोकंच जास्त बोलायला लागली, छातीच्या जागी गुहा, मांड्यांच्या मध्ये दरी. पूर्वी मला ते फॅशनसारखं वाटायचं, खरंच. आता कापल्यावर दिसतंय की मागचा उजेड पोटातून पुढे येतो आणि आकृतीची पुढची बाजू मागच्या बाजूला पहिल्यांदा जोडली जाते. ओढलेला श्वास कुठे दाखवायचा हा प्रश्न सुरुवातीपासून होता, तो आता ह्या रिकाम्या जागेत आहे.

मूरची अजून एक गोष्ट आहे जी मी हे काम करताना रोज आठवते. तो खाणकामगाराचा मुलगा, आठ भावंडांतला सातवा. आईला संधिवात होता आणि लहानपणी तो तिच्या पाठीला औषध चोळून द्यायचा. १९५७ मध्ये एका बसलेल्या स्त्रीचं शिल्प करत असताना त्याच्या लक्षात आलं की आपण नकळत त्या पाठीला तीच पाठ देतोय, लहानपणी हातांनी चोळलेली. तेव्हा तो साठीच्या जवळ आला होता. मी आईच्या गुडघ्याला रोज रात्री तेल लावते. वाटीच्या आतल्या बाजूला एक खळगा आहे, सूज उतरली की बोटाला लागतो. आज तो केला, डोळे मिटून, अंगठ्याने, आणि एकदाही व्हिडिओ बघितला नाही.

१९ जुलै

पृष्ठभाग. गुळगुळीत करायचं का बोटं दिसू द्यायची?

रामकिंकर बैज ह्यांचं 'संथाल फॅमिली', १९३८, शांतिनिकेतन. सिमेंटमध्ये जांभ्याची खडी मिसळून सांगाड्यावर थापलेलं, कुटुंब चाललंय, कावडीत मूल, सोबत कुत्रा. खडीचे दाणे उघडे दिसतात. ती माणसं आणि ती ज्या जमिनीवरून चालतायत ती जमीन एकाच पदार्थाची आहेत, हे पॉलिश केलेल्या ब्रॉन्झमध्ये कधीच आलं नसतं. जर्मेन रिशिएचं 'स्टॉर्म' आठवलं, १९४७-४८ चं. त्याला पोज देणारा नार्दोने हा तरुणपणी रोदँचा मॉडेल होता आणि आता म्हातारा झालेला. तेच शरीर, मधे दोन महायुद्धं, आणि रिशिएने त्याची कातडी फाडून, ओरखडून ठेवलीये, चेहरा तर चेंदामेंदा. मला रोदँ आणि रिशिए ह्या दोघांचे पुतळे शेजारी शेजारी ठेवलेले बघायला फार आवडेल. आणि माग्दालेना अबाकानोविच, तिच्या ८० पाठी, १९७६ ते ८० मधल्या. गोणपाट रेझिनमध्ये भिजवून साच्यावर घातलेलं, डोकी नाहीत, नुसत्या वाकून बसलेल्या पाठी ओळीने, आणि पुढून जाऊन बघावं तर आत पोकळ. गोणपाटाचे धागे शिरांसारखे दिसतात. माणूस म्हणावं तर फक्त एक कवच.

ठरलं ते असं. पाठ खडबडीत, मातीचे गोळे दिसतील अशीच ठेवायची. फक्त डावा गुडघा आणि तिथला तळहात नीट घासून घ्यायचा, रोज हात लागणाऱ्या जागेसारखा.

२५ जुलै

वेस्ट मोल्ड, म्हणजे एकदाच वापरून शेवटी फोडायचा प्लास्टरचा साचा. कडेने प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या खोचून दोन भाग पाडले. पहिला थर प्लास्टरमध्ये नीळ घालून, हाताने फटकारून मारला म्हणजे खळग्यांत हवा राहत नाही. त्यावर मातीच्या पातळ पाण्याचा हात, मग पांढरा जाड थर. नीळ एवढ्यासाठी की नंतर छिन्नीने साचा फोडताना निळं दिसलं की समजायचं आतली आकृती जवळ आली, हात हलका करायचा. प्लास्टर धरताना गरम होतं, साच्यावर हात ठेवून बसले होते, ताप आल्यासारखी ऊब.

२६ जुलै

साचा उघडला, माती बाहेर काढली. दोन महिन्यांची आकृती चिखल होऊन बादलीत गेली, वेस्ट मोल्डमध्ये असंच असतं, मूळ राहत नाही. आत डोकावलं तर पाठ उलटी, खोलगट, तिच्यात बसता येईल अशी. आत तीनदा साबण लावला, पायांत गज घातले, घोट्यांत जाड. मग प्लास्टर भरलं.

२९ जुलै

फोडायला दोन दिवस गेले. पांढरं, मग निळं, मग परत पांढरं. डोकं आणि पाठ सहज निघाली. पोटातल्या पोकळीत छिन्नी शिरत नव्हती, तिथे बारीक पटाशीने खरवडत तीन तास. शेवटी गुडघा राहिला, मुद्दामच ठेवला होता, आणि तिथेच छिन्नी घसरली. वाटीच्या बाहेरच्या कडेचा नखाएवढा टवका उडाला. खळगा वाचला.

टवका सापडला, चिकटवता आला असता. आईला विचारलं. तिने अंगठा फिरवून बघितला आणि म्हणाली, असू दे, टोचत नाहीये. मग मी पण फक्त कड घासून घेतली.

नीळ काही ठिकाणी पाठीच्या खाचांमध्ये राहिलीये. ब्रशने काढून बघितली, निघते, पण अर्धी काढून थांबले. पोकळीतली पूर्ण काढली, तिथे उजेड स्वच्छ यायला हवा.

३ ऑगस्ट

पेडेस्टल. विटा आणि फळ्या रचून वेगवेगळ्या उंच्या करून बघितल्या. ९० सेंमीला पाठच दिसते, ती बिचारी वाटते. १४० ला गेलं की खालून बघावं लागतं, मग एकदम स्मारक होतं, तेही नको. १२० ला उभ्या माणसाची नजर साधारण तिच्या डोक्याच्या जरा खाली येते, पण गुडघा खालीच राहतो.

मग आई आली आणि समोर स्टूल ओढून बसली. बसल्यावर तिची नजर नेमकी गुडघ्यावर, १०५ ला. म्हणून १०५ ठेवतेय आणि समोर एक साधं स्टूल, दोन हात अंतरावर, फळीला पक्कं केलेलं, म्हणजे कोणी हलवणार नाही. बसून बघायचं. आणि बघून झालं की तिथून उठायचं.